बूट फाटला, एक्सल गेला

गाडी मोकळ्या जागेत न्यायची. स्टेअरिंग एका बाजूला फुल्ल वळवायचं आणि पहिल्या गिअरमध्ये हळूहळू गोल फिरवायची. पुढच्या चाकाकडून चाकाच्या तालावर कट-कट-कट असा आवाज यायला लागला, की त्या बाजूच्या एक्सलचा बाहेरचा जॉइंट संपत आला असं समजायचं. दुसरीकडे वळवून पुन्हा ऐकायचं. डावीकडे वळताना आवाज वाढला तर मी आधी उजवा एक्सल बघतो, कारण वळणात बाहेरच्या चाकावर भार जास्त येतो. पण नुसत्या कानावर विसंबून मी कधी एक्सल खोललेला नाही. त्याच आवाजाच्या आसपास चाकाचं बेअरिंगही बोलतं, लोअर आर्मचा बॉल जॉइंटही बोलतो. बेअरिंगचा आवाज घुमतो, स्पीडबरोबर चढतो आणि सरळ रस्त्यावरही सुटत नाही. बॉल जॉइंट खड्ड्यात टकटकतो. एक्सलची कटकट वळणात, ओढ दिली की येते आणि ओढ सोडली की मंद होते. हा फरक ओळखायला गाडी आपण स्वतः चालवून बघावी लागते. गिऱ्हाईक सांगतं ते पूर्ण ऐकून घ्यावं, पण चावी मागून घ्यावीच.

माझं गॅरेज सावंतवाडीत आहे. इथून वर आंबोली तीसेक किलोमीटर, आणि त्यातला बराच भाग घाटाचा. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बेळगावला, आजऱ्याला, कोल्हापूरला जाणाऱ्या कितीतरी गाड्या याच वळणांवरून जातात. खाली उतरलं की लाल माती, आणि गोव्याकडे रोज ये-जा करणाऱ्या टॅक्स्या. पुढच्या चाकांचा एक्सल झिजवायला लागतं ते सगळं आमच्या भागात एकत्र आहे. सतत वळणं, सतत चढ, पाणी आणि कचकचीत माती. त्यामुळे हे काम माझ्या हाताखालून अनेकदा गेलेलं आहे आणि त्याबद्दल माझी काही ठाम मतं झाली आहेत.

मी शिकत होतो तेव्हा उस्तादांच्या गॅरेजमध्ये अॅम्बॅसेडर होत्या, प्रीमियर पद्मिनी होत्या, जीप होत्या. या सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. इंजिन पुढे, मधून लांब प्रोपेलर शाफ्ट आणि त्याच्या टोकांना क्रॉस. पुढच्या चाकांचं काम फक्त वळण्याचं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हळूहळू देशातल्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालायला लागल्या. मग त्याच चाकानं वळायचंही आणि गाडी ओढायचीही, शिवाय खड्ड्यात वरखालीही व्हायचं. हे सगळं चालू असताना इंजिनची ताकद न अडखळता चाकापर्यंत पोचवायची, ही जबाबदारी त्या हातभर लांबीच्या लोखंडी दांड्यावर आणि त्याच्या दोन टोकांच्या जॉइंटवर आली.

क्रॉसचा जॉइंट इथं का चालत नाही, हे मला बऱ्याच उशिरा नीट कळलं. क्रॉस कोनात फिरला की एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे राहतो. कोन लहान असला तर ते खपून जातं. पण पुढचं चाक पुरतं वळलं की कोन मोठा होतो आणि मग स्टेअरिंगला हिसके बसायला लागतात. यावर अमेरिकेत फोर्ड कंपनीतल्या आल्फ्रेड झेप्पा या इंजिनिअरनं १९२६ च्या सुमारास तोड काढली. आत एक गोल गाभा, बाहेर एक वाटी, दोघांत कोरलेल्या सहा खाचा, त्या खाचांत सहा छर्रे आणि छर्ऱ्यांना सांभाळणारा एक पिंजरा. जॉइंट कितीही वाकला तरी पिंजरा त्या छर्ऱ्यांना कोनाच्या बरोबर मध्यावर धरून ठेवतो. म्हणून शाफ्ट जितक्या वेगानं फिरतो तितक्याच वेगानं चाक फिरतं. १९५९ मध्ये इंग्लंडची मिनी आली तेव्हा तिच्या पुढच्या चाकांना याच जातीचा जॉइंट होता, आणि त्यानंतर छोट्या गाड्यांचा हाच रस्ता पडला. आज माझ्या टेबलावर येतो तो जॉइंट मुळात तोच आहे. ४५ अंशांच्या आसपास वाकूनही तो सुरळीत फिरतो. इतकं नेमकं काम करणारी वस्तू गाडीत दुसरी फारशी नाही, असं मला मनापासून वाटतं.

या जॉइंटला मारतं ते वय नव्हे, आणि किलोमीटरही नव्हेत. त्याच्यावर भात्यासारख्या घड्यांचा एक रबरी बूट असतो, दोन्ही टोकांना पट्टीनं आवळलेला. आत काळं ग्रीस असतं, मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेलं. बूट शाबूत आहे तोवर जॉइंट लाखभर किलोमीटर सहज पार करतो. बूट घडीतून चिरला की चाकाच्या फिरण्यानं आतलं ग्रीस बाहेर फेकलं जातं. रिमच्या आतल्या बाजूला, शॉकपच्या खाली काळ्या चिकट फवाऱ्याची गोल रेघ दिसायला लागते. ही रेघ म्हणजे पहिली सूचना, आणि ती आवाजाच्या फार आधी मिळते. मग पावसात त्याच चिरेतून पाणी आणि लाल माती आत जाते, उरलेल्या ग्रीसमध्ये कालवली जाते, आणि छर्रे त्या गाऱ्यात फिरायला लागतात. कटकट ऐकू येते तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं. त्यानंतर नवा बूट चढवून उपयोग नाही.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला आंबोलीच्या शाळेत शिकवणाऱ्या एका बाई गाडी घेऊन आल्या. छोटी हॅचबॅक, दहा वर्षं वापरलेली, पण आतून बाहेरून जपलेली. आधी एका ठिकाणी त्यांनी आवाज सांगितला होता. तिथं फाटलेला बूट काढून नवा घातला, ग्रीस भरलं आणि गाडी परत दिली. आवाज तसाच राहिला. बाई म्हणाल्या, ‘दादा, पैसे गेले त्याचं नाही, पण रोज घाट चढायचा आहे. तुम्ही खरं काय ते सांगा.’ मी गाडी फिरवून आणली, जॅकवर घेतली, चाक हातानं फिरवलं आणि दुसऱ्या हातानं शाफ्ट धरून मागेपुढे पिळला. जॉइंटमध्ये मोकळीक स्पष्ट लागत होती. बाईंना खाली वाकून बघायला लावलं, त्यांच्या हातात शाफ्ट दिला. ‘लागतंय का? हे इतकं हलायला नको.’ त्यांनाही कळलं. गिऱ्हाइकाला दाखवून काम काढलं की पुढे वाद उरत नाही, शिवाय पुढच्या वेळी ते स्वतः बघतं.

एक्सल बदलण्याचं काम हबच्या मधल्या मोठ्या नटापासून सुरू होतं. या नटाची कड शाफ्टवरच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, तो आपसूक सुटू नये म्हणून. ती कड आधी छोट्या छिन्नीनं उचलायची. तशीच पिळली तर शाफ्टचे आटे सोलून निघतात. नट सैल करताना गाडी जमिनीवरच हवी, आत एकानं ब्रेक दाबून बसायचं, आणि टॉमीला लांब पाइप लावून एकाच संथ दाबानं ओढायचं. धक्के द्यायचे नाहीत. हा नट सैल झाला की मगच गाडी वर घ्यायची, घोड्यांवर ठेवायची आणि चाक काढायचं. जॅकच्या भरवशावर मी गाडीखाली कुणाला जाऊ देत नाही, मग काम पाच मिनिटांचं असलं तरी.

गिअर ऑइल आधी काढून घ्यायचं, कारण एक्सल निघाला की ते बाहेर येणारच. छोट्या गाडीत ते दोनेक लिटर असतं. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्याच्यावरचा चुरा बोटावर घेऊन बघायचा. मऊ राखाडी लेप असेल तर ठीक, कणी लागली तर गिअरबॉक्सची वेगळी गोष्ट निघते. बाईंच्या गाडीचं ऑइल काळपट होतं, पण कणी नव्हती.

त्यानंतर लोअर आर्मचा बॉल जॉइंट नकलमधून, म्हणजे हब धरणाऱ्या भागातून, सोडवायचा. बोल्ट काढून फट किंचित रुंद करायची आणि पार, म्हणजे पहार, लावून आर्म खाली दाबायचा. आता नकल बाहेरच्या बाजूला ओढला की शाफ्टचं टोक हबमधून सुटायला हवं. कोरड्या प्रदेशातल्या गाडीत ते हातानं सुटत असेल. आमच्याकडे नाही सुटत. हबचे दात आणि शाफ्टचे दात वर्षानुवर्षांच्या पावसानं गंजून एकजीव झालेले असतात. इथं पोरांचा हात आपोआप मोठ्या हातोड्याकडे जातो. टोकावर दोन दणके बसले की आटे फुलतात, आणि तिसऱ्या दणक्याचा मार बेअरिंगला बसतो. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलाला मी त्या दिवशी हातोडा खाली ठेवायला लावला. दातांवर गंज सोडवणारं तेल मारलं आणि चहा मागवला. तेवढ्या वेळात तेल आत झिरपतं. मग जुना नट टोकाशी समतल येईपर्यंत परत चढवला, हबला पुलर लावला आणि थोडं थोडं पिळत गेलो. एक कोरडा कडाका झाला आणि टोक आत सरकलं. मुलगा म्हणाला, ‘मी तर तासभर ठोकत बसलो असतो.’ ठोकून एक्सल निघालाही असता, पण महिन्याभरात बेअरिंग घुमायला लागलं असतं आणि दोष नव्या एक्सलला लागला असता.

हे सगळं करताना नकल ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेनं वर बांधून ठेवायचा. आणि एक्सल काढलेली गाडी चाकांवर ढकलायची नाही. हबच्या बेअरिंगच्या आतल्या रिंगा त्या शाफ्टनं आणि नटानं एकत्र आवळलेल्या असतात. तो आवळ नसताना गाडीचं वजन पडलं तर बेअरिंग बिघडतं. जागा अडते म्हणून गाडी बाजूला सरकवणारे मी पाहिले आहेत.

आतलं टोक गिअरबॉक्समध्ये एका छोट्या सर्क्लिपवर अडकलेलं असतं. तिथं शाफ्ट ओढायचा नाही. शाफ्ट ओढला तर आतल्या बाजूचा तीन रोलरचा जॉइंट आतल्या आत सुटतो आणि एक्सल मात्र जागचा हलत नाही. गिअरबॉक्सचं आवरण आणि जॉइंट यांच्या मधल्या फटीत पार अडकवून एक आखूड झटका द्यायचा. सर्क्लिप सुटल्याचं हाताला कळतं. पार कुठं टेकवला ते बघून टेकवायचा. आवरण अॅल्युमिनियमचं असतं, त्याला चीर गेली तर दोन तासांचं काम आठवड्याचं होतं.

काढलेला जॉइंट मी उघडतो. गरज नसते, पण उघडतो. बाईंचा जॉइंट डिझेलनं धुतला तेव्हा तळाशी विटकरी रंगाचा गाळ बसला. पिंजरा तिरका करून एकेक छर्रा बाहेर काढला आणि खाचा उन्हात धरल्या. प्रत्येक खाचेच्या एका भिंतीवर बोटाच्या नखाला लागतील असे खळगे पडले होते, कडेचा पापुद्रा उडालेला. समोरची भिंत मात्र जवळपास कोरी, कारखान्यातल्या घासकामाच्या रेघांसकट. गाडी जन्मभर पुढेच चालते, म्हणून ओढ एकाच भिंतीवर येते आणि तीच झिजते. कट-कट वाजत होतं ते याच खळग्यांत छर्रे पडून पुन्हा चढताना. बाई संध्याकाळी आल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर वाटी ठेवली. विज्ञान शिकवतात त्या. बराच वेळ बोट फिरवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘हे मी वर्गात न्यायला घेऊ का?’ पुसून, कागदात गुंडाळून दिली.

नवा एक्सल बसवण्याआधी जुन्याच्या शेजारी जमिनीवर मांडायचा. गिअरबॉक्स इंजिनच्या एका अंगाला असल्यामुळे बहुतेक गाड्यांत डावा-उजवा सारख्या लांबीचे नसतात. लांबी, दोन्ही टोकांचे दात, ऑइल सील बसते ती गुळगुळीत पट्टी, आणि एबीएसवाल्या गाडीत जॉइंटवर दातेरी रिंग असेल तर तिचे दात, हे सगळं ताडून बघायचं. दुकानदारानं ‘हाच आहे, बिनधास्त लावा’ म्हटलं तरी बघायचं. गिअरबॉक्सचं ऑइल सील मी या कामात दरवेळी नवं घालतो. किंमत किरकोळ, पण ते नंतर गळलं तर सगळं पुन्हा खोलावं लागतं. सीलच्या ओठाला तेल लावायचं, सर्क्लिप ग्रीस लावून मध्यावर धरायची, आणि एक्सल सरळ रेषेत आत सरकवायचा, सीलवर त्याचं वजन न टाकता. शेवटी तळहातानं एक ठाम दाब. क्लिप बसल्याची खूण आली की जॉइंटचं आवरण धरून बाहेर ओढून खात्री करायची.

आता हबचा नट. या एका नटासाठी मी टॉर्क रेंच घेतला, आणि गॅरेजमधलं ते सर्वांत जपलेलं हत्यार आहे. आमच्याकडे येणाऱ्या छोट्या गाड्यांत या नटाचा आकडा साधारण १७५ ते २०० न्यूटन-मीटरच्या घरात असतो. दोनशे म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला वीस किलोचं वजन टांगल्याइतकं. मॉडेलप्रमाणे आकडा बदलतो, म्हणून पुस्तकात बघूनच लावायचा. हा नट नुसता एक्सल धरत नाही, बेअरिंगचा आवळही तोच ठरवतो. सैल राहिला तर चाकाला खेळ येतो आणि हबचे दात खाल्ले जातात. जास्त आवळला तर बेअरिंग तापतं. हवेच्या गननं फर्रर्र करून सोडून देणं मला मान्य नाही. गननं किती आवळलं ते गनलाही सांगता येत नाही. नट नवा वापरायचा, गाडी जमिनीवर उतरवून ब्रेक दाबून रेंचनं आवळायचा, आणि मग कड खाचेत ठोकायची. जुनाच नट परत वापरला तर आधी वाकलेली कड दुसऱ्यांदा नीट धरत नाही.

गिअर ऑइल भरलं, लेव्हलच्या भोकातून काठाशी आलं तेव्हा थांबलो, आणि बाईंना शेजारी बसवून माडखोलपर्यंत चक्कर मारली. वळणात गाडी गप्प होती.

सगळा एक्सल बदलायचा की फक्त बाहेरचा जॉइंट, हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, आणि त्याला एकच उत्तर नाही. बूट नुकताच फाटलेला असेल, आवाज नसेल, ग्रीस अजून काळं आणि मऊ असेल, तर जॉइंट काढून, धुऊन, खाचा तपासून, नवा बूट आणि योग्य ग्रीस भरून देणं हेच प्रामाणिक काम. त्यात साधं पिवळं ग्रीस भरायचं नाही. आवाज आला असेल तर जॉइंट गेला. शाफ्ट आणि आतला जॉइंट चांगला असेल आणि बाहेरचा जॉइंट चांगल्या बनावटीचा मिळत असेल तर तेवढाच बदलावा. घाटात चढावर गाडी थरथरत असेल तर आतला जॉइंटही झिजलेला असतो, मग पूर्ण एक्सलच घ्यावा. रिकंडिशन केलेले एक्सल स्वस्त मिळतात. त्यांत काही चांगले असतात, पण खाचा पुन्हा घासून मोठे छर्रे घातलेत की नुसता रंग मारलाय, हे बाहेरून दिसत नाही. रोज घाट चढणाऱ्याला मी ते देत नाही.

आमच्याकडच्या एका टॅक्सीवाल्याला मी आवाज दाखवला होता. तो म्हणाला, ‘गाडी चलता मा? पावस सरलो काय बघूया.’ भाड्याचा हंगाम, हप्ता डोक्यावर, त्याचीही अडचण खरी होती. जुलैत घाटाच्या मधोमध जॉइंट तुटला. इंजिन चालू, गिअर पडतोय, पण गाडी हलत नाही. डिफरन्शिअलची सगळी ओढ तुटलेल्या बाजूनं निघून जाते, धड चाकाला काहीच मिळत नाही. लोकांना आणखी एक गोष्ट माहीत नसते. अशा गाडीला इंजिनचा ब्रेक राहत नाही, आणि उतारावर गिअरमध्ये टाकून उभी केली तरी ती थांबत नाही. हँडब्रेक आणि चाकामागे दगड, एवढाच आधार. त्यानं दगड लावले म्हणून गाडी जागेवर राहिली. धुक्यात, पावसात, प्रवासी आत बसलेले. एक्सलला जे पैसे लागले असते त्याहून जास्त त्याचे टोइंगला आणि बुडलेल्या भाड्याला गेले.

म्हणून गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या आधी, गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा आणि स्टेअरिंग एका बाजूला फुल्ल वळवून ठेवा. मोबाइलचा टॉर्च लावून पुढच्या चाकाच्या मागे बघा. बुटाच्या घड्या बोटानं उघडून बघा, रिमच्या आतल्या बाजूवर काळी रेघ आहे का ते बघा. मग स्टेअरिंग दुसरीकडे वळवून दुसरं चाक बघा. चीर दिसली तर त्याच आठवड्यात बूट बदलून घ्या, पावसाळा संपायची वाट बघू नका. आणि एक्सलचं काम कुठंही करून घेतलंत तरी हबचा नट नवा घातला का आणि टॉर्क रेंचनं आवळला का, हे दोन प्रश्न मिस्त्रीला जरूर विचारा.